घरात किती मतं?

2012 साली केंद्राच्या आरोग्य खात्यानं सुप्रीम कोर्टात एक आकडा दिला होता. देशात समलिंगी पुरुष अंदाजे 25 लाख. एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामासाठी काढलेला हा आकडा. त्यात बायका नाहीत, आणि जे कुठल्याच दवाखान्याच्या किंवा संस्थेच्या नोंदवहीत आले नाहीत तेही नाहीत. तरी तोच धरून चालू. लोकसभेचे मतदारसंघ 543. भागाकार केला की एका मतदारसंघाच्या वाट्याला साडेचार हजारांच्या आसपास माणसं येतात. मतदार असतात पंधरा-वीस लाख. आणि ही साडेचार हजार माणसं एका वस्तीत राहत नाहीत, एकमेकांना ओळखत नाहीत, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या घरी काहीच ठाऊक नसतं. गठ्ठा मतं मागायला आमच्या दारात कुणी येत नाही, यात नवल नाही.

तृतीयपंथी मतदारांची निदान यादीत वेगळी नोंद होते. 2024 च्या यादीत ती 48 हजारांच्या आसपास होती. गे आणि लेस्बियन मतदारांची नोंद कुठेच होत नाही, आणि व्हावी असं मलाही वाटत नाही. यादीत नाव आलं की ते कुणाच्या हाती जाईल, ही भीती अजून गेलेली नाही.

तेव्हा ‘तुम्ही लोक मत कुणाला देता?’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. पण गेल्या काही निवडणुकांत हा प्रश्न आमच्यात फार तीव्रपणे बोलला गेला, आणि मी तो जवळून ऐकला आहे. म्हणून लिहितो आहे.

11 डिसेंबर 2013 ला सुप्रीम कोर्टानं दिल्ली हायकोर्टाचा 2009 चा निकाल फिरवला आणि समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम पुन्हा आमच्या मानेवर आलं. निकालपत्रात आमचं वर्णन लोकसंख्येचा अत्यल्प भाग असं झालं होतं. चार-पाच महिन्यांवर लोकसभा होती. सोनिया गांधींनी निराशा व्यक्त केली, त्यांच्या सरकारनं फेरविचार याचिकाही केली, ती जानेवारीत फेटाळली गेली. भाजपचे तेव्हाचे अध्यक्ष राजनाथ सिंह यांनी समलैंगिकता अनैसर्गिक आहे आणि आम्ही कलमाच्या बाजूनं आहोत, असं उघड सांगितलं. काँग्रेसच्या आणि माकपच्या जाहीरनाम्यांत 377 बद्दलचं वचन आलं. राष्ट्रीय निवडणुकीच्या जाहीरनाम्यात आपल्याबद्दल एखादी ओळ असावी, हे आम्हाला नवं होतं.

आम्ही काही जण तेव्हा शनिवारी संध्याकाळी ठाण्यात तलावपाळीला भेटायचो. वाटलं होतं की आता सगळ्यांचं एकमत होईल. तसं झालं नाही. आयटीत काम करणारा एक जण म्हणाला, भ्रष्टाचाराला मी कंटाळलोय, मोदींना संधी देणार. दुसरा चिडून उठून गेला. ‘जो पक्ष तुला गुन्हेगार म्हणतो त्याला मत देणार?’ असं तो जाता जाता म्हणाला. पहिल्यानं शांतपणे सांगितलं की, गुन्हेगार तर मी आजही आहे, आणि आज राज्य काँग्रेसचं आहे. त्या संध्याकाळी मला दोघांचंही खरं वाटलं.

खरी अडचण मला नंतर, मतदानाच्या दिवशी, यंत्रापुढे उभं राहिल्यावर कळली. ठाण्यात लोकसभेला पंजाही नसतो आणि कमळही नसतं. 2014 ला नव्हतं, 2019 ला नव्हतं, 2024 लाही नव्हतं. जागावाटपात ही जागा आधी एकीकडे राष्ट्रवादीला, दुसरीकडे शिवसेनेला, आणि 2024 ला दोन्हीकडे शिवसेनेच्याच दोन तुकड्यांना. म्हणजे जाहीरनामा वाचायचा एका पक्षाचा आणि बटण दाबायचं दुसऱ्याच पक्षाचं. मित्रपक्षाच्या उमेदवाराला त्या ओळीची माहिती तरी असेल का, दिल्लीत हात वर करायची वेळ आली तर तो करील का, हे विचारायची सोय नाही. दिल्लीत बसून या देशाच्या मतदानाचं विश्लेषण करणाऱ्यांना ही गोष्ट फारशी टोचत नसावी. ठाण्याच्या, कल्याणच्या मतदाराला ती दर पाच वर्षांनी टोचते.

जाहीरनाम्यावर किती विसंबायचं याचा धडा 2015 ला मिळाला. 18 डिसेंबरला शशी थरूर यांनी 377 मध्ये दुरुस्तीचं खासगी विधेयक लोकसभेत मांडायचा प्रयत्न केला. मांडायलाच विरोध झाला, मतदान झालं, बाजूनं 24 आणि विरोधात 71. भाजपच्या बाकांवरून विरोध होणार हे अपेक्षितच होतं. पण काँग्रेसचेच 2014 ला 44 खासदार निवडून आले होते, त्यांच्या जाहीरनाम्यात हेच वचन होतं, आणि सगळ्या पक्षांची मिळून बाजूची मतं 24. तेव्हापासून जाहीरनामा वाचताना मी त्या दिवशी सभागृहात हजर कोण होतं तेही बघतो. पुढच्या मार्चमध्ये थरूर यांनी पुन्हा प्रयत्न केला. त्या वेळी बाजूनं 14 मतं पडली.

मग 6 सप्टेंबर 2018. पाच न्यायमूर्तींनी एकमतानं आम्हाला गुन्हेगारीतून सोडवलं. केंद्र सरकारनं त्या वेळी बाजूही घेतली नाही, विरोधही केला नाही, कोर्टाच्या विवेकावर सोडलं. एकही खासदार, एकही आमदार, एकही मतदार यात लागला नाही. याचा आमच्यावर एक परिणाम झाला, आणि तो मला अजून काळजीचा वाटतो. आपलं जे काही व्हायचं ते कोर्टात होतं, मतपेटीशी त्याचा संबंध नाही, असं आमच्यातल्या अनेकांनी मनाशी ठरवून टाकलं. 2019 ची लोकसभा त्यामुळे आम्हाला हलकी गेली. कलम गेलंच आहे, आता बाकीच्या नागरिकांसारखं बाकीच्या मुद्द्यांवर मत देऊ, अशी भावना होती. ‘पिंक लिस्ट इंडिया’ नावानं काही तरुणांनी आमच्या बाजूनं बोललेल्या नेत्यांची विधानं एकत्र करायला घेतली, ते काम मला फार मोलाचं वाटलं. पण आमच्या कट्ट्यावर त्या निवडणुकीत बोलणं झालं ते बालाकोट, नोकऱ्या आणि लोकलच्या गर्दीबद्दल.

समलिंगी विवाहावरच्या सुप्रीम कोर्टाच्या 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालानं ही सवय मोडली. विवाहाचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. सिव्हिल युनियनवर, म्हणजे विवाह न म्हणता जोडप्याच्या नात्याला कायद्यानं मान्यता देण्यावर, तीन विरुद्ध दोन, आम्ही हरलो. काय द्यायचं ते कायदेमंडळानं ठरवावं. त्या दिवशी सगळे रडवेले होते. माझ्याही घशाशी आलं होतं. तरी त्याच रात्री एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की झाली: आता आपलं मत पहिल्यांदाच आपल्या प्रश्नाला जोडलं गेलं आहे. कोर्टाचं दार बंद झालं, संसदेचं आपण कधी नीट ठोठावलंच नव्हतं.

अगदीच कुणी ठोठावलं नव्हतं असंही नाही. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी एप्रिल 2022 मध्ये विशेष विवाह कायद्यात समलिंगी जोडप्यांना जागा देणारं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. 1970 नंतर एकही खासगी विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन कायदा झालेलं नाही, त्यामुळे त्याचं पुढे काही होईल अशी आशा कुणालाच नव्हती. पण मराठी बाईनं, मराठी मतदारसंघातून निवडून जाऊन ते मांडलं, आणि बारामतीच्या मतदारांनी त्यावरून तिला दूर केलं नाही, हे मी माझ्या आईला आवर्जून सांगितलं होतं. त्यांच्याच पक्षानं 2020 मध्ये मुंबईत एलजीबीटी सेल काढला होता. पुढे पक्ष फुटला आणि एक भाग सरकारात जाऊन बसला.

2024 ला काँग्रेसच्या जाहीरनाम्यात व्यापक चर्चेनंतर सिव्हिल युनियनला मान्यता देणारा कायदा आणू, अशी ओळ आली. माकपनं त्याहून तपशिलात लिहिलं. भाजपच्या संकल्पपत्रात तृतीयपंथीयांसाठी गरिमा गृहं, ओळखपत्रं, आयुष्मान भारत होतं. समलिंगी जोडप्यांबद्दल एक शब्द नव्हता. आमच्यातले काही जण त्याला ढोंग म्हणाले. मी तसं म्हणणार नाही. घराबाहेर काढलेल्या हिजड्याला राहायला छप्पर मिळणं ही खरी गोष्ट आहे. पण दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं घर ही त्या पक्षाच्या लेखी अस्तित्वातच नसलेली वस्तू आहे. 2023 च्या मार्चमधल्या केंद्राच्या प्रतिज्ञापत्रात तर ते सरळ लिहिलं होतं: भारतीय कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची मुलं. नंतर आमच्या मागणीला शहरी उच्चभ्रूंची मागणी म्हटलं गेलं.

आता आमच्या घराबद्दल. मी आणि समीर ठाण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. मे महिन्यात, 20 तारखेच्या मतदानाच्या आधी, एका पक्षाची मुलं चिठ्ठ्या वाटत आली. घामाघूम झालेली. एकाच्या हातात यादीची झेरॉक्स, आमच्या इमारतीच्या ओळींवर पिवळं मार्कर फिरवलेलं.

‘दादा, घरात किती मतं?’

‘दोन.’

त्यानं यादीत बोट फिरवलं. एकाच फ्लॅट नंबरवर दोन वेगळी आडनावं. माझ्या नावापुढे माझ्या वडिलांचं नाव, समीरच्या नावापुढे त्याच्या वडिलांचं. शेजारच्या घरात चार मतं, एक आडनाव, आईच्या नावापुढे पतीचं नाव. तिथं एकाशी बोललं की चौघांचं ठरलं, असा हिशेब.

‘भाडेकरू का दोघं?’

‘एकत्र राहतो.’

‘मग फॅमिली मेंबर नाहीत ना. ह्या भाऊंशी वेगळं बोलावं लागेल.’ त्यानं चिठ्ठ्या दिल्या आणि जिन्याकडे वळला. मुलगा नम्र होता, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण प्रतिज्ञापत्रातली कुटुंबाची व्याख्या आणि त्याच्या हातातली झेरॉक्स एकच होती. पक्ष कुठलाही असो, तळातला कार्यकर्ता घर मोजतो, आणि आमचं घर त्याच्या मोजणीत बसत नाही.

तरी त्याचं एक म्हणणं बरोबर निघालं. समीरशी वेगळंच बोलावं लागलं असतं. आमच्या घरातली दोन मतं त्या दिवशी दोन चिन्हांवर पडली.

मतपत्रिकेवरची खरी लढत मशाल आणि धनुष्यबाण यांच्यात होती. दोन्ही एकाच शिवसेनेचे वारस. 1998 च्या डिसेंबरात ‘फायर’ सिनेमावरून गोरेगावच्या थिएटरात शिवसेनेच्या महिला आघाडीनं जी तोडफोड केली, तेव्हा मी कॉलेजात होतो. दोन बायकांचं प्रेम दाखवल्याबद्दल काचा फुटतात, हे मी पेपरात वाचलं आणि पुढची कित्येक वर्षं कुणाजवळ तोंड उघडलं नाही. पंचवीस वर्षांनी त्या पक्षाच्या दोन तुकड्यांतून एक निवडायची पाळी आली. मी मशाल दाबली, कारण दिल्लीतली बेरीज त्या बाजूनं गेली तर त्या एका ओळीचा कायदा होण्याची थोडी तरी शक्यता होती. बटण दाबताना गोरेगाव आठवत होतं.

समीरनं धनुष्यबाण दाबला. त्याच्या आईला दोन वर्षांपूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला, तेव्हा रात्री अकराला आमच्या भागातल्या शाखेतून ॲम्ब्युलन्स आली. रक्ताच्या पिशव्या, बेड, नंतर मदत निधीचा अर्ज, सगळं शाखेतल्या माणसांनी धावपळ करून केलं. शाखाप्रमुखांनी मला विचारलं होतं, ‘तुम्ही पेशंटचे कोण?’ मी म्हणालो, ‘समीरचा मित्र.’ त्यांनी एकदा आमच्या दोघांकडे बघितलं आणि म्हणाले, ‘मग तुम्ही इथंच थांबा, हा पोरगा एकटा पडेल.’ पुढे त्यांनी काहीच विचारलं नाही. समीर म्हणतो, सिव्हिल युनियनची ओळ दिल्लीत लिहिली आहे, आई इथं वाचली आहे. मी त्याच्याशी वाद घातला. तो माणूस चांगला आहे म्हणून दिल्लीतलं सरकार आपल्या बाजूचं होत नाही, असं म्हणालो. तेही खरं आहे. पण त्या रात्री कॉरिडॉरमध्ये मीही उभा होतो.

सांगली जिल्ह्यातली एक मैत्रीण आहे, तिची पद्धत मला सगळ्यांत समजण्यासारखी वाटते. ती आणि तिची पार्टनर एकाच तालुक्यातल्या. घर सोडून पुण्याला आल्या, तर एकीच्या घरच्यांनी मिसिंग दाखल केली. दोघींना पोलीस ठाण्यात बोलावून घेतलं. दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. गावाकडच्या एका पुढाऱ्याचा फोन आला की, मुलगी घरच्यांच्या ताब्यात द्या, विषय संपवा. संध्याकाळी दुसऱ्या एका पक्षाची महिला कार्यकर्ती कुणाच्या तरी सांगण्यावरून तिथं आली. ती काही क्वीअर चळवळीतली नव्हती. पदर खोचून बसली आणि म्हणाली, ‘दोघी सज्ञान आहेत ना? जबाब घ्या आणि सोडा. मी सही होईपर्यंत हलत नाही.’ रात्री उशिरा दोघी सुटल्या. तेव्हापासून ही मैत्रीण त्या बाईच्या पक्षाला मत देते, लोकसभा असो की नगरपालिका. तिच्या लेखी पक्ष म्हणजे पोलीस ठाण्यात फोन करणारा माणूस. तो कुणाच्या बाजूनं फोन करील, एवढंच ती बघते.

बायकांच्या बाबतीत हे फार खरं आहे. आम्हा पुरुषांच्या गप्पा विवाह, वारसा, नॉमिनी यांच्यावर फिरत राहतात. लेस्बियन मुलींचा पहिला प्रश्न माहेरच्यांपासून वाचण्याचा असतो. मदुराईहून चेन्नईला आलेल्या दोन मुलींच्या याचिकेवर मद्रास हायकोर्टानं जून 2021 मध्ये पोलिसांना बजावलं, आणि पुढे तामिळनाडू सरकारनं पोलिसांच्या वर्तणूक नियमांतच दुरुस्ती केली. विवाहाच्या खटल्यात सुद्धा काही याचिकाकर्त्यांनी माहेरच्या हिंसेचा आणि आपण निवडलेल्या कुटुंबाचा मुद्दा मांडला होता. बातम्यांत तो जवळपास आलाच नाही.

परभणीकडचा एक मित्र वंचितला मत देतो. तृतीयपंथी कवयित्री दिशा पिंकी शेख यांना त्या पक्षानं प्रवक्ती केलं तेव्हा आनंद त्याला झालाच, पण तो म्हणतो, मी आधीपासूनच देत होतो, जात मला गे असण्याआधी कळली. मुंब्र्याच्या मित्राला तर मी हा प्रश्न विचारणंच सोडलं. 1 फेब्रुवारी 2020 ला आझाद मैदानावर प्राइडच्या सभेत घोषणांवरून राजद्रोहाचे गुन्हे दाखल झाले आणि आयोजकांनी हात झटकले, तेव्हा तो मैदानावर होता. आपल्यातलेच लोक आपल्यापासून किती पटकन लांब सरकतात, हे त्यानं त्या आठवड्यात पाहिलं.

आणि नौपाड्यातले काका. बँकेतून निवृत्त, आयुष्यभर एकटे, लहानपणापासून संघाचे स्वयंसेवक. त्यांच्याबद्दल फक्त आम्हा चार-दोघांना ठाऊक आहे. त्यांचं मत कधी हललं नाही, आणि ते हलवायचा प्रयत्न मी केला नाही असंही नाही. जानेवारी 2023 मध्ये सरसंघचालकांनी मुलाखतीत जरासंधाच्या हंस आणि डिंभक या सेनापतींचा दाखला देऊन, अशी माणसं समाजात पूर्वीपासून आहेत, त्यांना जगण्याचा हक्क आहे, असं म्हटलं. काकांनी तो अंक मला आणून दाखवला. ‘बघ, आपल्याकडे हळूहळू होतं, पण होतं.’ मी त्यांना भाजपच्या सुशील मोदींचं समलिंगी विवाहाला विरोध करणारं डिसेंबर 2022 मधलं राज्यसभेतलं भाषण दाखवलं, मार्चमधलं प्रतिज्ञापत्र दाखवलं, विवाह स्त्री-पुरुषांतच होऊ शकतो हे संघाच्याच दत्तात्रेय होसबाळेंचं विधान दाखवलं. त्यांनी सगळं वाचलं आणि अंक घडी करून पिशवीत ठेवला.

2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांची बाजू थोडी वर आली. समलिंगी जोडप्यांना संयुक्त बँक खातं उघडायला, एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं. रेशनकार्डासाठी जोडीदाराला एकाच घरातला धरावं, असंही राज्यांना कळवलं गेलं. काका बँकेतले, त्यांना याचं मोल माझ्याहून जास्त कळतं. मी मान्य केलं. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, हेही मला त्यांनीच बँकेच्या भाषेत शिकवलं होतं. उद्या मी गेलो आणि मृत्युपत्र केलेलं नसलं, तर समीर कायद्यानं माझा कुणीच नाही. परिपत्रकानं एवढं कळतं की मनाई नाही. हक्क द्यायला कायदा लागतो.

नोव्हेंबरात विधानसभेचा प्रचार सुरू झाला. आमच्या इमारतीच्या आवारात एका उमेदवाराची कोपरा सभा झाली. पाणी, पार्किंग, पुनर्विकास यांवर प्रश्न झाले आणि शेवटी समीर उठला. मला कल्पना नव्हती. ‘आम्ही दोघं तिसऱ्या मजल्यावर राहतो, जोडपं म्हणून. विवाह आणि वारसा समवर्ती सूचीत येतात, म्हणजे विधानसभाही कायदा करू शकते. तुमच्या पक्षाचं काय म्हणणं?’ खुर्च्यांमध्ये थोडी चुळबुळ झाली. उमेदवारानं घाम पुसला आणि म्हणाला, ‘लिहून द्या.’ टाळण्यासाठीच म्हणाला असेल. आम्ही लिहून दिलं.

जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं विवाहाच्या निकालावरच्या फेरविचार याचिकाही फेटाळल्या. मग तेच पत्र वाढवून आम्ही खासदारांना पाठवलं. दवाखान्यात संमतीची सही करण्याचा हक्क, मृत्युपत्र नसतानाही वारसा, नोकरीत जोडीदाराला आश्रित धरणं आणि पेन्शन, सज्ञान मुलींना माहेरच्यांच्या ताब्यात न देण्याचे पोलिसांना स्पष्ट आदेश. पाठवायच्या आधी मसुदा मी काकांना वाचायला दिला, बँकेतल्या माणसाची नजर फिरावी म्हणून. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘याची एक प्रत मलाही दे. आमच्या कार्यालयात मी स्वतः नेऊन देतो. ओळखीतल्या मुलांचं आहे म्हणून सांगेन.’ मग खिशातून पेन काढलं, ‘विवाहासारखा दर्जा’ या शब्दांवर रेघ मारली आणि वर बारीक अक्षरात ‘सहजीवनाची कायदेशीर नोंद’ असं लिहिलं. बाकीचा मजकूर त्यांनी तसाच ठेवला.